मॉडिंगसाठी मशीन घेताय? आधी मॉडची यादी काढा, मग कोटेशन मागा

बारावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात सांगलीहून भाच्याने व्हॉट्सअॅपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला. 'आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ५१२ एसएसडी, आरजीबी कॅबिनेट, फुल्ल गेमिंग पीसी.' खाली त्याचा प्रश्न : "मामा, यावर स्कायरिम मॉडसकट चालेल ना? चारशे मॉड टाकायचेत."

स्कायरिम हा संगणकावरचा खेळ, आणि मॉड म्हणजे खेळात भर घालणाऱ्या किंवा तो बदलणाऱ्या, खेळाडूंनीच बनवलेल्या फाइली. कोटेशनमध्ये एकाही भागाचा मॉडेल नंबर नव्हता. तीच तर गोम होती. दुकानात फोन लावून विचारलं तेव्हा कळलं की 'आय-सेव्हन' म्हणजे आय-सेव्हन ४७७०, २०१३ सालचा. त्याच्यापेक्षा २०२२चा साधा आय-थ्री १२१००एफ खेळात सहज पुढे जातो. आणि '४ जीबी ग्राफिक्स' म्हणजे जीटी ७३०, २०१४चं कार्ड, तेही डीडीआर-३ मेमरीचं. आडात पाणी होतं, पण पोहरा वाटीएवढा.

त्या दिवसापासून मशीन घरात येईपर्यंत आम्ही मामा-भाच्यांनी जे केलं, तेच इथे क्रमाने लिहितो. घटकांचे भाव मुद्दाम टाळलेत. २०२५च्या शेवटच्या महिन्यांपासून मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांची मागणी आधी पुरवू लागले आणि रॅमचे भाव असे भडकले, की आज छापलेला आकडा पुढच्या महिन्यात खोटा ठरेल.

पहिली पायरी : कागदावर यादी

नुसता खेळ खेळायला लागणारं मशीन वेगळं आणि तोच खेळ मॉड टाकून खेळायला लागणारं वेगळं. स्कायरिम स्पेशल एडिशनचंच बघा. २०१६च्या या खेळासाठी स्टीमच्या पानावर ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७८० हे ३ जीबीचं कार्ड सुचवलंय. जागा १२ जीबी. हे वाचून कोणालाही वाटेल, जुना खेळ आहे, काहीही चालेल. मॉड न टाकता खेळणार असाल तर खरंच काहीही चालेल.

पण भाच्याच्या चारशे मॉडपैकी निम्मे टेक्श्चरचे, म्हणजे वस्तूंवर चढवायच्या चित्रांचे होते. भिंती, झाडं, चिलखतं, चेहरे, सगळं '४के'. म्हटलं, चल, हिशेब करू. ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६, साधारण १ कोटी ६७ लाख पिक्सेल. हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीसी-७ कॉम्प्रेशनमध्ये एका पिक्सेलला एक बाइट लागतो, म्हणजे १६ एमबी. लांबून दिसण्यासाठी त्याच चित्राच्या लहान लहान प्रती फाइलमध्ये असतात, त्यांचे एक तृतीयांश धरले की झाले २१ एमबी. एका चिलखताला रंगाचं एक, उंचसखलपणाचं एक आणि चकाकीचं एक अशी तीन टेक्श्चर धरली तर ६४ एमबी. आता बाजारपेठेत उभे राहा आणि नजरेच्या टप्प्यात अशा शंभर वस्तू आहेत असं समजा. सहा जीबीच्या वर गेलात. सावल्या, गवत आणि ईएनबीसारखे प्रकाशाचे मॉड अजून मोजलेलेच नाहीत.

त्याच टेक्श्चरची २के आवृत्ती घेतली तर २१ एमबीच्या जागी सव्वापाच. आणि भाच्याचा मॉनिटर फुल एचडी, म्हणजे अख्ख्या पडद्यावर मिळून २० लाख ७३ हजार पिक्सेल. टेबलावरच्या पेल्याला पडद्याच्या आठपट पिक्सेल कशाला हवेत? त्याने यादीत खुणा केल्या : डोंगर, जमीन आणि मोठ्या इमारती ४के, बाकी सगळं २के. भांडीकुंडी १के. व्हीरॅमची, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरीची, गरज निम्म्याहून खाली आली, एक रुपयाही न खर्चता.

म्हणून आधी यादी. दुसरे खेळ असतील तर गणित बदलतं. माइनक्राफ्टचे फोर्ज आणि फॅब्रिक या मॉड चालवणाऱ्या साधनांवरचे मॉड जावा एडिशनवरच चालतात, आणि तिथे कार्डाच्या आधी रॅम आणि प्रोसेसरचा एकेका कोअरचा वेग आडवा येतो. लाँचर मुळात खेळाला मोजकीच रॅम देतो. दोनतीनशे मॉडच्या मॉडपॅकला ६ ते ८ जीबी द्यावी लागते. पण म्हणून १६ जीबी ओतू नका, कारण जावाला मग मेमरीतला कचरा काढायला जास्त वेळ लागतो आणि खेळ मध्येच उचकी दिल्यासारखा थांबतो. शेडर, म्हणजे प्रकाश-सावल्यांचे इफेक्ट, लावणार असाल तर मात्र कार्ड हवंच.

जीटीए फाइव्हचं तिसरंच. १४ एप्रिल २०१५ला पीसीवर आलेल्या या खेळाची 'एन्हान्स्ड' आवृत्ती ४ मार्च २०२५ला आली आणि जुनी 'लेगसी' नावाने ठेवली गेली. जुन्या मॉडचा मोठा साठा लेगसीसाठीच बनलेला आहे, आणि ती आवृत्ती साध्या मशीनवरही पळते. इथे डिस्कची जागा मुख्य : खेळच शंभर जीबीच्या आसपास, आणि मॉड घातलेली प्रत वेगळी ठेवायची तर तेवढीच आणखी. मॉड फक्त एकट्याने खेळायच्या स्टोरी मोडमध्ये. तेवढ्यासाठी लाँचरमध्ये बॅटलआय हे फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर बंद करावं लागतं. मॉडसकट ऑनलाइन गेलात तर खातं बंद पडू शकतं, आणि ते मशीन बदलून परत मिळत नाही.

दुसरी पायरी : पैसे कुठे लावायचे

भाच्याकडे ६० हजार होते. त्यातले थोडे आजीचे. मॉनिटर घरात होता.

मॉडिंगसाठी मी ग्राफिक्स कार्डाचा विचार व्हीरॅमपासून सुरू करतो, पण चिपही धडधाकट हवी, नाहीतर तो जीटी ७३०चाच प्रकार. ४ जीबीची कार्डं सोडून द्या, मग ते जीटीएक्स १६५० असो नाहीतर आरएक्स ६५०० एक्सटी. ६५०० एक्सटीला तर पीसीआयच्या, म्हणजे मदरबोर्डाशी जोडणाऱ्या वाटेच्या, फक्त चार लेन आहेत. व्हीरॅम भरली की कार्ड मदरबोर्डावरच्या रॅमकडे धावतं, आणि तिथे जायची वाटच अरुंद. जुन्या मदरबोर्डावर ती आणखी अरुंद होते. मॉड केलेल्या खेळात मान वळवली की चित्र अडकतं ना, ते यामुळेच. सरासरी फ्रेम ६० दाखवत असतात आणि खेळणारा वैतागलेला असतो.

८ जीबी हा माझ्या मते आजचा तळ. आरएक्स ६६०० हे त्यातलं गुणी कार्ड : १३२ वॅटमध्ये भागतं, फुल एचडीला पुरून उरतं. पण टेक्श्चरच्या शौकिनाला मी १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० सांगेन. २०२१चं आहे, नवीन ४०६० त्याच्यापेक्षा वेगवान आहे, पण ४०६०ला ८च जीबी. बेंचमार्कची, म्हणजे वेगाच्या चाचणीची, चित्रफीत बघून निर्णय घेणारे इथे चुकतात, कारण बेंचमार्क मॉड न टाकलेल्या खेळाचे असतात. शिवाय पुढे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या तलवारी-चिलखतं बनवायची असतील तर एनव्हिडियाची कार्डं त्याच्या सायकल्स रेंडरमध्ये उजवी ठरतात. इंटेलचं आर्क बी५८०, तेही १२ जीबीचं, मोह पाडतं खरं. पण त्याला रिसाइझेबल बार ही सोय चालू असलेला बऱ्यापैकी नवा मदरबोर्ड लागतो आणि कमजोर प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं. स्वस्त मशीनमध्ये नेमका प्रोसेसरच कमजोर असतो.

प्रोसेसरबद्दल फार चर्वितचर्वण नको. रायझन ५ ५६०० किंवा आय-फाइव्ह १२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही पुरेसे. एक सापळा मात्र : ५६००जी हा ५६००चा 'ग्राफिक्सवाला भाऊ' म्हणून दाखवतात. त्यात कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधली झटपट मेमरी, निम्मी, ३२च्या जागी १६ एमबी. वेगळं कार्ड घेणारच असाल तर जी घेऊ नका. कार्डाचे पैसे सहा महिन्यांनी जमणार असतील तर मात्र जी घ्या, कारण एफ अक्षरवाल्या इंटेलमध्ये आणि साध्या ५६००मध्ये चित्र उमटवायची सोयच नाही. कार्डाशिवाय पडदा काळाच राहील.

रॅम आज महाग, म्हणून इथे जरा डोकं लावायचं. ३२ जीबी असली तर उत्तम. स्कायरिममध्ये डिनडीओलॉडसारखं लांबची झाडं-डोंगर बनवणारं साधन चालवलं की १६ जीबी कशी संपते ते दिसतं. पण आज १६ घेऊन भागवायचं असेल तर ८-८च्या दोन पट्ट्या घ्या, १६ची एक नको. दोन पट्ट्यांनी ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी काम चालतं. मदरबोर्ड चार खाचांचा घ्या, म्हणजे भाव उतरल्यावर आणखी दोन बसतील. दोन खाचांचा बोर्ड घेऊन वाचवलेले पैसे पुढे पट्ट्या मोडीत काढताना दामदुप्पट जातात.

एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची. ५१२ चालणार नाही, कारण मॉडच्या दोन प्रती असतात : उतरवलेल्या झिप आणि उघडलेल्या फाइली. झिप पुसाव्यात असं वाटतं, पण पुन्हा बसवायची वेळ आली की नेक्सस या मॉडच्या संकेतस्थळावर मोफत खात्याच्या मर्यादित वेगाने परत सगळं उतरवत बसावं लागतं. झिप जुन्या हार्ड डिस्कवर ठेवा, खेळ आणि उघडलेले मॉड एसएसडीवर. तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई पुरते, पाचव्या पिढीची दुकानदाराला विकायची असते.

आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा, '४५० वॅट' असं स्टिकर लावलेला डबा दुकानातच परत करा. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, लाइट जाऊन झटक्यात परत येते, अशा वेळी बाकीच्या सगळ्या भागांचा जीव या एका डब्यावर असतो. ३०६०चं कार्ड १७० वॅट खातं, ५६०० साधारण ७५. बाकीचं धरून ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झचा, नाव असलेल्या कंपनीचा एसएमपीएस पुरेसा होतो. घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा मशीनचा नसतो, भिंतीतल्या सॉकेटचा असतो. यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट हे लक्षात ठेवा. खेळ चालू असताना एवढ्यात जेमतेम सेव्ह करून मशीन बंद करता येतं. ते पुरेसं असतं म्हणा.

मॉनिटरसाठी स्कायरिमवाल्यांनी १४४ हर्ट्झच्या मागे लागू नये. या खेळात वस्तूंच्या हालचालीचं गणित फ्रेमच्या वेगाशी बांधलेलं आहे. ६०च्या वर सोडला की टेबलावरची भांडी आपोआप नाचू लागतात, सुरुवातीच्या प्रसंगातली घोडागाडी उड्या मारते. त्यावर उपाय करणारा मॉड आहे, पण पैसे वाचवायचे असतील तर ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर अगदी पुरे.

त्याहून कमी पैसे असतील तर

तीस-पस्तीस हजारांच्या आत बसवायचं असेल तर ऑफिसातून निघालेली डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर ही मशीन्स बघा. आठव्या पिढीच्या खालचं घेऊ नका. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आय-फाइव्ह ८५०० सहा कोअरचा आहे, माइनक्राफ्ट आणि जीटीए लेगसीला छान चालतो.

या मशीनमध्ये दोन अडचणी असतात. बारक्या डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, आणि एसएमपीएस कंपनीच्या खास आकाराचा, बऱ्याचदा २०० वॅटच्या आसपास. त्याला उतारा म्हणजे आरटीएक्स ३०५०ची ६ जीबी, लो-प्रोफाइल आवृत्ती : ७० वॅट, वेगळी वायर लागत नाही. स्लॉट तेवढे वॅट देतो का हे त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात आधी पाहा. जमलं तर उंच, टॉवर आकाराचं मशीनच शोधा.

सेकंडहॅण्ड कार्ड : माझी फजिती

काही वर्षांपूर्वी मी 'आरएक्स ५८०, ८ जीबी' अशी जाहिरात बघून एक कार्ड घेतलं. विकणारा गोड बोलला, कार्ड चकाचक पुसलेलं. घरी येऊन जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं साधन उघडलं तर शेडरच्या, म्हणजे कार्डावरच्या गणिती कोअरच्या, रकान्यात २०४८. खऱ्या ५८०मध्ये २३०४ असतात. २०४८वालं हे त्याच नावाखाली विकलं जाणारं, कमी ताकदीचं भावंड. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंदच. आता तर त्या पिढीच्या कार्डांना ड्रायव्हरही जेमतेम मिळतात, त्यामुळे खरं ५८० मिळालं तरी मी घेणार नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड आणि कार्डावर पूर्ण ताण टाकणारं फरमार्क घेऊन जायचं. कार्ड चालू मशीनमध्येच बघायचं, 'बॉक्समध्ये पॅक आहे, बिनधास्त घ्या' हे ऐकायचं नाही. जीपीयू-झेडमध्ये नावाआधी 'फेक' दिसलं तर चहा न पिता निघायचं. मेमरी आणि शेडरचे आकडे आधी वहीत लिहून नेलेले असावेत. मग पंधरा मिनिटं फरमार्क. पडद्यावर ठिपके, रंगीत चौकोन, पंख्याचा खरखराट, काही दिसतं-ऐकू येतं का ते बघायचं. शेवटी स्क्रू बघायचे : खाचा खरवडलेल्या असतील तर कार्ड उघडलेलं आहे. उघडणं वाईटच असं नाही, थर्मल पेस्ट बदललेली असू शकते. पण का उघडलं हे विकणाऱ्याने न अडखळता सांगायला हवं. क्रिप्टोच्या मायनिंगला वापरलेलं आहे एवढ्यावरून मी कार्ड नाकारत नाही. फरमार्कमध्ये तापमान चढून एका जागी थांबलं तर घेतो.

भाच्याचं ३०६० असंच पुण्यात मिळालं. पाचशे रुपये कमी करायला अर्धा तास गेला.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात : हॉस्टेलला राहायचं असेल तरच. त्यातलं कार्ड जवळजवळ कधीच बदलता येत नाही, म्हणून ४ जीबीचं ३०५० असलेला 'गेमिंग लॅपटॉप' मॉडिंगसाठी पहिल्या दिवसापासून जुना आहे. निदान ६ जीबी बघा, आणि रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का ते विचारून घ्या.

दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. पुण्यात तपकीर गल्ली. कुठेही जा, पण आधी घरून दोन-तीन ठिकाणी मॉडेल नंबरसकट यादी पाठवा आणि लेखी कोटेशन मागवा. 'बी५५० बोर्ड' एवढं पुरत नाही, पूर्ण नाव हवं. मग ऑनलाइन भाव बघून घासाघीस करा. सांगली-कोल्हापूरकडे सगळे भाग मिळतीलच असं नाही, पण जवळच्या दुकानदाराने शंभर-दोनशे जास्त लावले तर देऊन टाका. वॉरंटीसाठी धावपळ करताना तोच उपयोगी पडतो.

"बिलाशिवाय घेतलं तर जीएसटी वाचेल" ही सूचना येणारच. १८ टक्के वाचतात खरे, पण तीन वर्षांची वॉरंटी बिलाबरोबरच जाते. बिलावर कार्ड, बोर्ड, एसएसडी, एसएमपीएस यांचे सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानातच मशीन जोडून विंडोज सुरू होताना बघा. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायला सांगा, नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर रांगत राहते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही.

कॅबिनेट घेताना दिव्यांपेक्षा जाळी बघा. पुढच्या बाजूला काच असलेलं कॅबिनेट नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात भट्टी होतं. कोकणात असाल तर पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, रोज तासभर चालवा. दमट, खारी हवा बंद मशीनलाच आधी धरते.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

मॉड टाकण्याची घाई करू नका. आधी खेळ 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा. तिथे विंडोज परवानग्यांवरून अडवत नाही. मॉड न टाकता दोन तास खेळा. मशीनमध्ये काही दोष असेल तर तो आत्ताच दिसतो, चारशे मॉडनंतर दोष कोणाचा हे शोधता शोधता केस पांढरे होतील.

मग मॉड ऑर्गनायझर २. त्यात प्रत्येक मॉड स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतो, खेळाच्या मूळ फाइलींना हात लागत नाही. त्यामुळे काढून टाकणं म्हणजे एक टिक काढणं. स्कायरिममध्ये मॉडच्या प्लगइन फाइली, साध्या प्रकारच्या, २५४पर्यंतच बसतात. ईएसएल प्रकारचे हलके प्लगइन वेगळे मोजले जातात, त्यामुळे चारशेची यादीही बसते, पण कोणता कुठल्या प्रकारचा हे आधी पाहा. दहा मॉड टाका, खेळा, पुढचे दहा टाका. भाच्याने पहिल्याच रात्री एकशेवीस टाकले आणि पहाटे दोनला मला फोन केला. एका मॉडला हवा असलेला दुसरा मॉड टाकायचाच राहिला होता.

टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर डेडिकेटेड मेमरीचा आकडा असतो. खेळ चालू ठेवून, गर्दीच्या बाजारात उभं राहून तो बघा. कार्डाच्या मर्यादेच्या एक जीबी अलीकडे आलात की टेक्श्चर थांबवा, किंवा त्यातली काही २केवर आणा.

सगळं सुरळीत चाललं की स्टीममध्ये त्या खेळाचं अपडेट 'लाँच केल्यावरच' असं ठेवा आणि खेळ मॉड ऑर्गनायझरमधून एसकेएसई या मॉडना लागणाऱ्या पूरक प्रोग्रॅमनेच सुरू करा. नोव्हेंबर २०२१मध्ये अॅनिव्हर्सरी अपडेट आलं तेव्हा एसकेएसईवर अवलंबून असलेले मॉड एका रात्रीत बंद पडले होते. ज्यांनी खेळाच्या फोल्डरची प्रत हार्ड डिस्कवर ठेवली होती, त्यांनी ती परत चिकटवली आणि खेळायला बसले. प्रत म्हणजे उजवी क्लिक, कॉपी, पेस्ट. तेवढा वेळ चहा टाका.